कारकुनाची खुर्ची

राजांचा इतिहास लिहिला गेला, लढायांचा लिहिला गेला, दुष्काळांचा आणि बाजारभावांचाही लिहिला गेला. परंतु कचेरींतील खुर्चीचा इतिहास लिहावा असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक आपल्या पांढरपेशा समाजाच्या गेल्या तीन पिढ्या ज्या थोड्या वस्तूंच्या आधारानें उभ्या राहिल्या, त्यांत बँकेंतील कारकुनाची खुर्ची ही एक प्रमुख वस्तु होय. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या पगारावर बहिणींचीं लग्नें झालीं, धाकट्या भावांचीं शिक्षणें पुरीं झालीं, दोन खोल्यांचें स्वतःचें घर झालें आणि म्हातारपणीं आईबापांच्या औषधपाण्याची सोय झाली. 'मुलगा बँकेंत आहे' एवढें एक वाक्य वधूपक्षास पुरेसें होत असे. पत्रिका मागाहून पाहिली जाई.

ती खुर्ची आतां डळमळूं लागली आहे, अशा बातम्या देशोदेशींहून येत आहेत. सिंगापूरच्या डी. बी. एस. बँकेचे त्या वेळचे मुख्याधिकारी पीयूष गुप्ता यांनीं २०२५ च्या फेब्रुवारींत सांगितलें कीं, पुढील तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेमुळें आपल्या बँकेंतील सुमारें ४,००० जागा कमी होतील. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नेदरलंड्समधील ए. बी. एन. ॲम्रो बँकेनें २०२८ पर्यंत ५,२०० जागा कमी करण्याचा बेत प्रसिद्ध केला. अशा बातम्या वाचून घाबरून जाणें हा एक सोपा मार्ग आहे. 'असें नेहमींच म्हणतात' म्हणून त्या झिडकारणें हा दुसरा. इतिहासाच्या अभ्यासकास तिसरा मार्ग मोकळा असतो. यापूर्वीं यंत्र बँकेंत शिरलें तेव्हां प्रत्यक्षांत काय घडलें, कोणाचें काय गेलें आणि तें कोणत्या वाटेनें गेलें, हें त्यानें शोधावें. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच आहे.

बँकेचें काम मुळांत दोन प्रकारचें असतें. एक मांडण्याचें व दुसरें पारखण्याचें. रोजकीर्द लिहावी, तीवरून खतावणी करावी, सायंकाळीं जमाखर्चाचा मेळ घालावा आणि एका पैशाचा फरक पडला तरी तो सांपडेपर्यंत जागचें उठूं नये, हें पहिलें काम. समोर बसलेला मनुष्य कर्ज फेडील कीं नाहीं, त्यानें दिलेल्या तारणाची खरी किंमत काय, बाजारांतील तेजी कितपत टिकेल, हें ओळखणें दुसरें. हीं दोन कामें किती भिन्न आहेत याचा धडा मुंबईनें फार लवकर घेतला. १८४० सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे १८६८ सालीं बुडाली, ती कारकुनांचीं गणितें चुकलीं म्हणून नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशाच्या पुरांत कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या, आणि बँकेनें केवळ शेअरांच्या तारणावर कर्जें वांटलीं. युद्ध १८६५ सालीं संपलें, भाव कोसळले आणि तारणाचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले. वह्यांतील बेरजा मात्र बरोबर होत्या! मांडणें निर्दोष असतांहि पारख चुकली कीं बँक जाते, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

यंत्रानें प्रथम हात घातला तो अर्थात् मांडण्याच्या कामाला. आणि गंमत अशी कीं, तें यंत्र बँकेंत बाहेरच्या कोणी आणलें नाहीं. एका कारकुनानेंच तें घडविलें. न्यूयॉर्क संस्थानांतील ऑबर्न गांवच्या एका बँकेंत विल्यम बरोज हा तरुण दिवसभर बेरजा करी. त्या कामानें प्रकृति खालावल्यावर त्यानें नोकरी सोडली, बेरजा करणारें यंत्र तयार केलें आणि १८८८ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. कारकुनाच्या मानेवरील जूं उतरविण्यासाठीं कारकुनानेंच केलेली ही युक्ति होती. पुढें १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील बँक ऑफ अमेरिकेकडे येणाऱ्या चेकांचा ढीग इतका वाढला कीं, माणसांच्या हातून खतावणी वेळेवर पुरी होईना. तेव्हां स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेनें तिच्यासाठीं 'एर्मा' नांवाचें विद्युत्-यंत्र तयार केलें; तें १९५५ सालीं लोकांस दाखविण्यांत आलें व १९५९ सालीं कामास लागलें. आपल्या चेकाच्या तळाशीं चुंबकीय शाईनें छापलेले जे चमत्कारिक वळणाचे आंकडे असतात, ते त्याच खटाटोपाचें फळ आहे.

नंतर २७ जून १९६७ रोजीं लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथें बार्कलेज बँकेनें भिंतींत बसविलेलें पैसे देणारें यंत्र सुरू केलें. आतां रोखपालाचें काय होणार, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. त्याचें उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स बेसन यांनीं आंकड्यांनीं दिलें आहे, व तें अनपेक्षित आहे. अमेरिकेंत १९८८ पासून २००४ पर्यंतच्या काळांत शहरांतील एका शाखेमागें रोखपालांची सरासरी संख्या २० वरून १३ वर आली. परंतु शाखा चालविणें स्वस्त झाल्यामुळें बँकांनीं शहरांतील शाखा शेंकडा ४३ नीं वाढविल्या. परिणामीं यंत्रांची संख्या सुमारें चार लाखांवर गेली तरी २०१० सालीं देशांतील एकूण रोखपाल १९८० पेक्षां कमी नव्हते, उलट थोडे अधिकच होते. यंत्राचे कैवारी हा दाखला आवडीनें देतात. परंतु ते बहुधा तेथेंच थांबतात. पुढें मोबाइल आला, शाखेंत पाऊल टाकण्याचीच गरज उरेना, शाखा मिटूं लागल्या, आणि जे रोखपाल पांच लाखांहून अधिक होते ते २०२३ च्या सुमारास साडेतीन लाखांच्या आसपास आले. म्हणजे पहिल्या यंत्रानें नोकरी वांचविली खरी. पण ती दुसरें यंत्र येईपर्यंत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें यंत्राशीं पहिली मोठी झुंज बँकेंत झाली नाहीं, विमाकचेरींत झाली. आयुर्विमा महामंडळानें १९६० नंतरच्या दशकांत संगणक आणण्याचें ठरविलें, तेव्हां कलकत्त्यास कर्मचाऱ्यांनीं इलॅको हाउस या इमारतींत यंत्र शिरूं नये म्हणून रात्रंदिवस पहारा ठेवला. आज त्या पहाऱ्याची थट्टा करणें सोपें आहे. पण ज्या देशांत एका जागेसाठीं शेंकडों पदवीधर अर्ज घेऊन उभे असत, त्या देशांत माणसाचें काम वांचविणारें यंत्र कशासाठीं, हा त्यांचा प्रश्न खुळा नव्हता. सरकारलाही तो तसा वाटला नाहीं. या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं सरकारनें जी समिति नेमली तिचें अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर यांच्याकडे होतें, आणि तिचा अहवाल १९७२ सालीं बाहेर पडला. नीळकंठ रथ यांच्यासह भारतांतील दारिद्र्याची मोजणी ज्यांनीं १९७१ सालीं देशापुढें ठेवली, त्याच अर्थशास्त्रज्ञाकडे यंत्राचा प्रश्नही यावा, यांत एक औचित्य होतें. कारण बेकारीच्या देशांत यंत्राचा प्रश्न हा अखेर दारिद्र्याचाच प्रश्न असतो.

दरम्यान १९ जुलै १९६९ रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. पुण्यास जन्मलेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतच होती. त्या वर्षीं देशांत बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० च्या सुमारास त्या ६०,००० च्या घरांत गेल्या. तालुक्याच्या गांवीं, बाजाराच्या पेठेंत, कोठें कोठें तर मारुतीच्या देवळाशेजारीं बँकेची पाटी लागली, आणि प्रत्येक पाटीमागें खुर्च्या आल्या. कारकुनाच्या खुर्चीचा हाच सुवर्णकाळ होय. मात्र त्याच काळांत खतावणी तुंबूं लागली, दोन शाखांमधील हिशेबांचा मेळ महिनेन् महिने लागेना, आणि पितळी टोकन हातांत घेऊन बांकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा अर्धा दिवस स्वतःचेच पैसे काढण्यांत जाऊं लागला. हा त्रास खरा होता. मुंबईचे पैसे नागपुरास पाठवायचे तर ड्राफ्ट काढा, तो रजिस्टर टपालानें धाडा, आणि तो वटेपर्यंत वाट पाहा, असा तो काळ. जुन्या बँकेचें गोडवे गाणाऱ्यांनीं ही बाजू विसरूं नये.

तेव्हां यंत्र येणार हें ठरलेलेंच होतें; प्रश्न एवढाच होता कीं तें कोणत्या अटीवर यावें. बँकमालकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यांत १९८३, १९८७ व १९९३ या सालीं जे करार झाले ते या दृष्टीनें आमच्या आर्थिक इतिहासांतील महत्त्वाचीं कागदपत्रें आहेत. रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे डेप्युटी गव्हर्नर चक्रवर्ती रंगराजन यांच्या दोन समित्यांनीं १९८४ व १९८९ सालीं यंत्रीकरणाची रूपरेषा आंखून दिली. संगणक या शब्दाचीच धास्ती इतकी होती कीं, शाखांमधून प्रथम जें यंत्र आलें त्यास 'लेजर पोस्टिंग मशीन' असें सौम्य नांव देण्यांत आलें. सून घरांत आणतांना तिला पाहुणी म्हणावें तसा तो प्रकार! कोणत्या कामास किती यंत्रें लावावींत, त्यांवर बसणाऱ्यास कोणता भत्ता द्यावा, हें सारें करारानें ठरे. आणि सर्वांत मोठें अभिवचन हें कीं, यंत्रामुळें कोणाही कर्मचाऱ्यास कामावरून काढलें जाणार नाहीं.

हें अभिवचन पाळलें गेलें काय? अक्षरशः पाहिलें तर पाळलें गेलें. पण इतिहासांत अक्षर पाळूनही अर्थ कसा निसटतो याचें हें उत्तम उदाहरण आहे. १९९३ नंतर रिझर्व्ह बँकेनें नव्या खाजगी बँकांना परवाने दिले. या बँका जन्मतःच संगणकावर बसलेल्या होत्या. त्यांना ना जुनी खतावणी होती, ना जुना नोकरवर्ग, ना जुने करार. त्यांच्याशीं स्पर्धा करतां करतां सरकारी बँकांचा धीर सुटला. मुख्य दक्षता आयुक्त एन. विट्ठल यांनीं तर भ्रष्टाचारास आळा घालण्यासाठीं म्हणून १ जानेवारी २००१ पर्यंत बँकांचा शेंकडा ७० व्यवहार संगणकावर आलाच पाहिजे असें फर्मावलें. आणि त्याच सुमारास, २०००-०१ सालीं, स्वेच्छानिवृत्ति योजना आली. पंधरा वर्षें नोकरी झालेल्या किंवा वयाचीं चाळीस वर्षें पुरीं केलेल्या कर्मचाऱ्यास, नोकरीच्या दर वर्षामागें साठ दिवसांचा पगार अथवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकीं जी रक्कम कमी ती देऊन घरीं जाण्याची मोकळीक मिळाली. सुमारें एक लाख कर्मचारी गेले. एकंदर नोकरवर्गाचा दहावा हिस्सा तरी त्यांत निघून गेला. कोणास काढलें नाहीं; प्रत्येकानें स्वतःच्या हातानें अर्ज लिहिला. निरोपाचे समारंभ झाले, शालश्रीफळ झालें, छायाचित्रें निघालीं. मात्र शाल घेऊन गेलेल्या माणसाच्या मागें राहिलेल्या खुर्चीवर दुसरें कोणी बसलें नाहीं.

माझ्या मतें या सर्व इतिहासाचें मर्म येथें आहे. यंत्रानें नोकरांवर घाव घातला असें आपण म्हणतों. वस्तुतः जो घाव पडला तो उमेदवारांवर पडला. करार करणाऱ्या दोन्ही पक्षांना टेबलाशीं खुर्ची होती. परंतु जो मुलगा त्या वर्षीं बारावींत होता, जी मुलगी लातुरास किंवा चिपळुणास वाणिज्य शाखेचें शेवटचें वर्ष करीत होती, त्यांच्या वतीनें तेथें कोणीच बसलेलें नव्हतें. ज्याची नोकरी जाते त्याला नांव असतें, त्याची बातमी होते, त्याच्यासाठीं मोर्चा निघतो. जी जागा भरलीच जात नाहीं तिला नांव नसतें, आणि जो तिच्यावर बसला असता त्यालाही आपलें काय गेलें याचा पत्ता नसतो. पुढें कांहीं वर्षें कारकुनांची भरती अगदीं रोडावली, आणि ती पुन्हां सुरू झाल्यावरही जुनें प्रमाण आलें नाहीं. सरकारी बँकांत एके काळीं कारकून सर्वांत अधिक असत. आतां अधिकाऱ्यांनीं त्यांस मागें टाकलें आहे.

तें काम गेलें तरी कोठें? कांहीं यंत्राकडे गेलें हें उघडच आहे. २०१६ सालीं युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस सुरू झाला आणि २०२५ च्या ऑगस्टांत एका महिन्यांत त्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या नोंदी हातानें करावयाच्या तर सगळा देश कारकून झाला असता! कांहीं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडलें. आज पैसे भरणाराच आपली नोंद करतो, खातें क्रमांक स्वतः तपासतो, चुकलें तर दोषही स्वतःकडे घेतो. तो बँकेचा बिनपगारी कारकून झाला आहे. आणि कांहीं काम कमी पगाराच्या माणसांकडे सरकलें. रिझर्व्ह बँकेनें २००६ सालीं बँकांना बाहेरचे प्रतिनिधि नेमण्याची परवानगी दिली. खेड्यांतील म्हाताऱ्या पेन्शनराच्या अंगठ्याचा ठसा घेऊन त्याला पैसे देणारा 'बँकमित्र' हा त्याच जुन्या रोखपालाचा वारस होय, फक्त त्याला रोखपालाची वेतनश्रेणी नाहीं. काम उरलें आणि त्याची प्रतिष्ठा तेवढी गेली, ही या बदलांतील फारशी न बोलली जाणारी गोष्ट आहे.

आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचें युग आलें आहे, आणि भाकितें करणाऱ्यांचाही सुकाळ झाला आहे. त्यांकडे थोड्या सावधपणें पाहावें. नागपुरास जन्मलेले व सिटी बँकेच्या शिखरापर्यंत पोंचलेले विक्रम पंडित यांनीं २०१७ सालीं म्हटलें होतें कीं, पांच वर्षांत बँकांतील शेंकडा ३० जागा नाहींशा होऊं शकतील. पांच वर्षें उलटलीं तेव्हां जे. पी. मॉर्गन या अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या बँकेचा नोकरवर्ग सुमारें अडीच लाखांवरून २ लाख ९० हजारांवर गेलेला होता. ऑस्ट्रेलियांतील कॉमनवेल्थ बँकेनें २०२५ सालीं फोनवर बोलणारें यंत्र बसवून ४५ जागा रद्द केल्या. पण फोन कमी होण्याऐवजीं वाढले, संघटनेनें तक्रार केली, आणि थोड्याच आठवड्यांत बँकेला माफी मागून तो निर्णय फिरवावा लागला. तेव्हां दर भाकितापाठोपाठ माणूस हद्दपार होतोच असें नाहीं.

परंतु यावरून निश्चिंत होणेंही बरें नव्हे. डी. बी. एस. बँकेच्या ज्या घोषणेचा आरंभीं उल्लेख केला तिच्यांतील एक तपशील वाचकांनीं पाहावा: कमी होणाऱ्या त्या जागा कायम नोकरांच्या नव्हत्या, तात्पुरत्या व कंत्राटी माणसांच्या होत्या, आणि कामें संपतील तसतशा त्या आपोआप गळून पडणार होत्या. २००१ सालचा नियम २०२५ सालीं सिंगापुरांतही तोच! जो कराराच्या आंत आहे तो तूर्त सुरक्षित. जो उंबरठ्यावर किंवा उंबरठ्याबाहेर आहे त्याचा बळी पहिला.

शिवाय या वेळचें यंत्र एका बाबतींत निराळें आहे. आजवरच्या यंत्रांनीं मांडण्याचें काम घेतलें, पारखण्याचें माणसाकडे ठेवलें. हें नवें यंत्र अर्ज वाचतें, पत्राचा मसुदा करतें, कर्जदाराची पत अजमावतें. म्हणजे तें पारखीच्या दालनांत शिरलें आहे. आणि मांडणें व पारखणें हीं दोन कामें भिन्न असलीं तरी एकाच माणसाच्या आयुष्यांत तीं एकापुढें एक येत असत, हें आपण विसरतों. दहा वर्षें खतावणी लिहिलेल्या कारकुनास कोणत्या दुकानदाराचा चेक महिन्याच्या अखेरीस परत जातो, कोणता शेतकरी सुगीनंतर न बोलावतां येऊन हप्ता भरतो, हें वहींतून कळत असे. त्या कारकुनाचा पुढें मॅनेजर होई. पहिली पायरी काढून घेतली तर वरच्या पायरीवर उद्यां चढणार कोण? आणि यंत्रानें सांगितलेली पत चुकीची आहे, असें म्हणण्याइतकी पारख त्याच्या अंगीं येणार कोठून? १८६८ च्या मुंबईंत बेरजा बरोबर होत्या आणि बँक बुडाली होती. अधिक वेगवान बेरजांनीं ती वांचली नसती.

हा धोका जाणत्यांच्या ध्यानांत आलेला नाहीं असें नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. तील पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालीं रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या समितीनें २०२५ च्या ऑगस्टांत दिलेल्या अहवालांत सात सूत्रें सांगितलीं आहेत. यंत्रापेक्षां माणसाला अग्रस्थान द्यावें व चुकीची जबाबदारी कोणाची हें निश्चित असावें, हीं त्यांपैकींच आहेत. सूत्रें उत्तम आहेत. पण १९८३ च्या करारांतील शब्दही उत्तमच होते. उणीव होती ती टेबलाशीं बसलेल्यांच्या यादींत. म्हणून पुढील करार जेव्हां केव्हां होतील, तेव्हां 'आहेत त्यांना काढणार नाहीं' एवढ्या वचनावर समाधान मानूं नये. दर वर्षीं किती नवीं मुलें घेणार, त्यांना यंत्राच्या शेजारीं बसवून पारख कशी शिकविणार, आणि बँकमित्रासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला वेतन व प्रतिष्ठा काय देणार, हीं कलमें त्यांत असावींत. हें कांहीं यंत्रद्वेषाचें मागणें नव्हे. यंत्रानें जो खर्च वांचतो त्यांतील थोडा भाग पुढील पिढीच्या शिक्षणावर लावावा, एवढाच त्याचा अर्थ.

बँकेच्या परीक्षेस बसावें कीं नाहीं, असें आमचे विद्यार्थी हल्लीं विचारतात. अवश्य बसा, असें मी त्यांना सांगतों. मात्र बेरजेच्या वेगावर विसंबून राहूं नका, ती शर्यत १८८८ सालींच संपली आहे. माणूस ओळखायला शिका, हिशेबामागचा व्यवहार ओळखायला शिका, आणि यंत्राच्या उत्तराला 'कां?' असें विचारण्याची संवय ठेवा. हा उपदेश ते मनापासून ऐकतात. परंतु ज्या खुर्चीवर बसून हें सारें शिकावयाचें ती खुर्ची त्यांच्यासाठीं राखून ठेवणें हें त्यांच्या हातीं नाहीं. तें आज जे खुर्च्यांवर बसले आहेत त्यांचें काम आहे, आणि त्यांतले पुष्कळजण आपल्याच घरांतले आहेत.